डावी युरेटर

किंग्स्टनपासून दूर, डोंगरातल्या फेअरहोमच्या हॉस्पिटलात एथलिन डेकर्स सव्वीस वर्षं टायपिस्ट होती, आणि नवखेपणाचे पहिले काही महिने सोडले तर तिच्या कागदावर एकही जागा कधी रिकामी राहिली नव्हती. हे ती स्वतः सांगत नसे. दुसऱ्याने सांगितलं की मान खाली घालून समोरचे कागद सरळ करत बसे, म्हणजे सांगणाऱ्याला तेच आणखी एकदा सांगावं लागे.

काम असं होतं. ऑपरेशन आटपलं की डॉक्टर हातमोजे काढून छोट्या टेपवर बोलत. कुणाचं पोट उघडलं, आत काय दिसलं, काय कापलं, काय शिवलं, ते सगळं. ती टेप पत्र्याच्या डब्यातून एथलिनच्या खोलीत येई. कानांवर हेडफोन, समोर इलेक्ट्रिक टाइपरायटर आणि पायाखाली पेडल. पंजा दाबला की टेप पुढे, टाच टेकली की मागे. ऐकायला सोपं वाटतं, पण डॉक्टर बोलत कसे! कुणाच्या तोंडात पॅटीचा घास, कुणाच्या डोक्यावर खडखडणारा पंखा, कुणी जिना उतरता उतरता. त्यात शरीराच्या आतली नावं अशी, की एकमेकींच्या जुळ्या बहिणी. इलियम म्हणजे आतड्याचं शेवटचं टोक आणि इलियम म्हणजेच कमरेचं हाड. कानाला फरक शून्य, कागदावर इंग्रजीतल्या एका अक्षराचा. पेरोनियल पोटरीच्या बाहेरच्या अंगाचं, पेरिनियल मांड्यांच्या मधलं. एवढ्याशा चुकीने माणसाचं दुखणं भलतीकडेच जाऊन बसतं. एथलिन मागचंपुढचं ऐकून ठरवी. बॉक्साइटच्या ट्रकवरून पडलेल्या माणसाच्या टेपवर ‘इलियम’ आलं आणि चार वाक्यांनंतर ‘पायाला वजन बांधून ठेवा’ आलं, की ते हाड. आतड्यासाठी कुणी पायाला वजन बांधत नाही.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागली, तेव्हा तिने डॉक्टर चिझमच्या एका कागदावर ‘युरेटर’च्या जागी ‘युरेथ्रा’ लिहिलं होतं. डॉक्टर तेव्हा चाळिशीचे, ताठ, इंग्लंडहून शिकून आलेले. तो कागद घेऊन ते सगळ्यांदेखत तिच्या टेबलापाशी आले.

“मिस डेकर्स, मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेतात त्या दोन नळ्या, त्यांना युरेटर म्हणतात. मूत्राशयातून बाहेर जाते ती एक, ती युरेथ्रा. तुमच्या या कागदावर विश्वास ठेवला तर मी या बाईला आत भलत्याच जागी शिवून ठेवलंय. कोर्टात तुम्ही याल का माझ्याबरोबर?”

बाकीच्या टायपिस्ट हसल्या. एथलिन रडली नाही. त्या शनिवारी ती बाजारात सगळे ‘मास’ म्हणजे दादा म्हणत त्या मास बॉयसी खाटकाकडे गेली आणि बोकडाची मूत्रपिंडं मागितली, खालच्या नळ्या आणि पिशवीसकट, काही न कापता.

“करी करायचीय की शाळा काढायचीय?” मास बॉयसीने विचारलं.

तिने घरी स्वयंपाकाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, वर ते सगळं मांडलं आणि स्वेटर विणायची सुई घालून एकेक नळी शेवटपर्यंत शोधली. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “देवा येशू, पोरगी चेटूक शिकायला लागली!” आई बरेच दिवस त्या टेबलावर जेवली नाही. पण डॉक्टर चिझमना त्यानंतर तिचा एक शब्दही खोडावा लागला नाही. पाचसहा वर्षांनी वॉर्डात एका पाहुण्या सर्जनला ते म्हणाले, “माझ्या तोंडात शब्द येण्याआधी तो एथलिनच्या कागदावर उमटलेला असतो.” मिस डेकर्सची एथलिन झाली ती त्याच दिवशी. एथलिनने लग्न केलं नाही, आईचं आजारपण काढलं, रविवारी चर्चच्या गायनात खालच्या पट्टीतला दुसरा आवाज गायली. माणसाला जगायला काहीतरी लागतं. तिला ते एक वाक्य पुरलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या खोलीत नाडीन नावाची मुलगी लागली. चोवीस वर्षांची, नखं रंगवलेली, कामाला चटपटीत, पण एक खोड होती. शब्द कळला नाही की ती तिथे रेघ मारून जागा सोडी, बाजूला टेपचा आकडा लिही आणि पिवळी चिठ्ठी डकवून कागद डॉक्टरांकडे परत पाठवी. डॉक्टर वैतागत. एथलिनला तर ते बघवत नसे.

“नाडीन, तुझा कागद बघितला की दात पडलेल्या म्हातारीची आठवण येते मला.”

“येऊ दे की, मिस एथलिन. निदान मी तिच्या तोंडात दुसऱ्या कुणाचे दात बसवत नाही.”

एथलिनने ते हसण्यावारी नेलं. तोंडाळ पोर, शिकेल हळूहळू.

त्याच सुमाराला डॉक्टर चिझमचं बोलणं बिघडायला लागलं. ते सदुसष्ट वर्षांचे झाले होते. आधी शब्दांची शेवटं गळाली, मग मधले तुकडे. ओल्या फडक्यात गुंडाळून बोलल्यासारखा आवाज येई. माळी म्हणाला रम, पण डॉक्टर रमला शिवत नसत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. चालताना त्यांचा डावा पाय जरा मागे राही. कप बशीत ठेवताना किणकिण होई, आणि किणकिण झाली की खोलीतले सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागत. या डोंगराळ भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनी मरणाच्या दारातून परत आणलं होतं. त्यांना कोण काय बोलणार?

नाडीनने त्यांची पहिली टेप ऐकली, कागदावर चौदा रेघा मारल्या आणि हेडफोन काढून ठेवले. “मला नाही जमायचं. हे माणसाचं बोलणं नाही, हा नळ गळतोय.”

“आण इकडे,” एथलिन म्हणाली. तेव्हापासून चिझमच्या सगळ्या टेपा तिच्याकडे आल्या.

सुरुवातीला ती शब्द भरी. ते काय म्हणत असणार ते तिला ठाऊक असे. पंचवीस वर्षं तीच ऑपरेशनं, तीच वाक्यं, त्याच क्रमाने. मग अर्धी वाक्यं भरायला लागली. एकदा ते टेपवर उजवा म्हणाले, पण एक्स-रेच्या कागदावर डावा होता. तिने मुकाट्याने डावा लिहिलं. असं पुढे आणखी तीनदा झालं. संध्याकाळी ते येत, उभ्या उभ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करत, पेन कागदावरून घसरत जाई आणि ते म्हणत, “सगळं ठीक?” ती म्हणे, “सगळं ठीक, डॉक्टर.” वाचत काहीच नसत. एथलिनला त्याचा अभिमानच वाटे. आपल्यावर एवढा भरवसा!

फेब्रुवारीत योलांडे बेलीची टेप आली. अडतीस वर्षांची बाई, वर ख्रिस्टियाना गावाच्या बाजूला यामचे कंद आणि बटाटे पिकवणारी, बाजारात स्वतः बसून विकणारी. गर्भाशयात गाठी होत्या, म्हणून पिशवी काढली. त्या ऑपरेशनात एक जागा नाजूक असते. गर्भाशयाला रक्त नेणाऱ्या नसेच्या अगदी खालून युरेटर जाते. नस बांधताना डोळा चुकला तर नळीही तिच्याबरोबर बांधली जाते. म्हणून प्रत्येक सर्जन त्या जागी एक वाक्य बोलतो. डॉक्टर चिझमचं वाक्य एथलिनला पाठ होतं: ‘दोन्ही बाजूंच्या युरेटर शोधून काढल्या, बाजूला सारल्या, शाबूत असल्याची खात्री केली.’

त्या टेपवर त्या जागी नुसती घरघर होती. खुर्ची करकरली, कुणीतरी खोकलं, मग ‘डावी’ असं काहीतरी, मग ‘दिसली’ असं काहीतरी, आणि पुढे गाळ. एथलिनने टाच टेकून टेप अकरा वेळा मागे घेतली. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मिसेस पिनॉकचा, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या बाईंचा, नियम होता की ऑपरेशनचा कागद त्याच दिवशी वॉर्डात गेला पाहिजे. बाराव्या वेळी तिने टेप मागे घेतली नाही. पाठ असलेलं वाक्य टाइप केलं आणि पुढे गेली. संध्याकाळी सही झाली.

दुसऱ्या दिवशी योलांडेच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने कागद काढून वाचला, पोट दाबून बघितलं आणि टाक्यांचं दुखणं आहे म्हणून गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी तिला घरी सोडलं. तीन आठवड्यांनी ती तापाने फणफणून बेशुद्ध पडली, तेव्हा भावाने व्हॅनमध्ये घालून तिला थेट किंग्स्टनला नेलं. तिथे कळलं की डावी युरेटर टाक्यात बांधली गेली आहे, आणि वरचं मूत्रपिंड लघवी तुंबून कुजलं आहे. ते काढून टाकावं लागलं.

घरच्यांनी वकील गाठला. हॉस्पिटलच्या मंडळाने चौकशी नेमली. गावात कुजबुज सुरू झाली, आणि ईस्टरच्या आदल्या बुधवारी मिसेस पिनॉक स्वतः चालत टायपिंगच्या खोलीत आल्या. हातात ताटली होती, तिच्यात बनचा जाड तुकडा आणि चीज.

“मिस डेकर्स, तुमच्या कागदाने आज हॉस्पिटलची अब्रू राखली. त्यांच्या वकिलाला दाखवला. दोन्ही बाजूंच्या युरेटर शोधल्या, शाबूत असल्याची खात्री केली. इतकं स्पष्ट वाक्य! पुढे काय झालं असेल ते देवाच्या हातचं, पण सर्जनने काळजी घेतली हे तर काळ्यावर पांढरं आहे की नाही?”

“पांढऱ्यावर काळं,” नाडीन पलीकडून म्हणाली.

“तेच ते. खा, मिस डेकर्स.”

एथलिनने बन तोंडात घातला. इतकं स्पष्ट वाक्य. घास तोंडातच फिरत राहिला. तिला आपली टाच आठवली, अकरा वेळा टेकलेली.

टेपा तीन महिने ठेवून मग पुसत आणि पुन्हा वापरत. मिसेस पिनॉक गेल्यावर तिने कपाट उघडून फेब्रुवारीची ती टेप काढली, लावली, ऐकली. घरघर, खुर्ची, खोकला, डावी, दिसली, गाळ. तिने डोळे मिटून ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं. आता तर तिला तिथे आपलंच वाक्य ऐकू यायला लागलं, डॉक्टरांच्या जुन्या, तरुण आवाजात.

“नाडीन, इकडे ये. हे ऐक. मी काही सांगणार नाही.”

नाडीनने हेडफोन लावले, पेडल दाबलं, एकदाच ऐकलं.

“‘डावी युरेटर दिसली नाही. रक्त फार होतं. लक्ष ठेवा.’” ती म्हणाली.

“परत ऐक.”

“परत कशाला? तोंडातल्या तोंडात आहे, पण आहे. ‘दिसली नाही. लक्ष ठेवा.’ तुमच्यासारख्या बाईला यात काय अडलं—” आणि तेवढ्यात तिचं लक्ष एथलिनच्या चेहऱ्याकडे गेलं. तिने हेडफोन हळूच काढून टेबलावर ठेवले. “मिस एथलिन. तुम्ही काय लिहिलं होतंत?”

एथलिनने टेप यंत्रातून काढून घेतली. एक्कावन्नाव्या वर्षी कान गेले होते, की सव्वीस वर्षांच्या सवयीने ते बुजले होते, कोण सांगणार? चौदा रेघा मारणाऱ्या पोरीला जे एका फटक्यात ऐकू आलं, ते तिला बारा वेळा ऐकूनही आलं नव्हतं. टेप तिने पर्समध्ये टाकली.

ईस्टरच्या रविवारी चर्च सुटल्यावर ती डॉक्टरांच्या घरी गेली. सव्वीस वर्षांत फाटकाच्या आत तिने पहिल्यांदा पाऊल टाकलं. ते व्हरांड्यात बसले होते, गुडघ्यांवर शाल, समोर संत्र्यांची झाडं. मोलकरणीने पुदिन्याचा चहा आणून ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही, आणि का लावला नाही ते दोघांनाही माहीत होतं.

तिने सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे न बघता झाडांकडे बघत होती.

“मी असं म्हणालो होतो?” त्यांनी विचारलं. एकेक शब्द चिखलातून पाय काढल्यासारखा येत होता. “मला आठवत नाही, एथलिन.”

“म्हणाला होतात. टेपवर आहे.”

“मग तू का नाही लिहिलंस?”

“मला ऐकू आलं नाही. दोन वर्षं झाली, डॉक्टर, तुमचं निम्मंअधिक ऐकू येत नाही. मी भरत होते.”

डॉक्टर म्हणाले, “मी कागद वाचणं कधी सोडलं माहितेय? तू चुकेनाशी झालीस तेव्हा. अलीकडे मला वाटायचं, घरात मला कुणी समजत नाही, चर्चमध्ये समजत नाही, पण एथलिनचा कागद बघावा तर सगळं लख्ख. म्हणजे मी अजून ठीक आहे. एक जरी जागा रिकामी येऊन पडली असती ना समोर...”

“म्हणजे माझ्यामुळे?” तिचा आवाज चढला. “तुमचा हात थरथरतो ते तुम्हाला दिसत नव्हतं? कपाची किणकिण ऐकू येत नव्हती? त्या हातात सुरी तुम्ही घेतलीत, मी दिली नाही.”

त्यांनी तोंड फिरवलं. मोलकरीण दारातून आत सरकली. मग त्यांनी अगदी हळू, आणि नवल म्हणजे अगदी स्पष्ट विचारलं, “टेपा तुम्ही पुसता ना, तिथे?”

एथलिनने पर्स छातीशी धरली आणि उठली. फाटकापर्यंत जाताना तिला वाटत होतं की ते हाक मारतील. त्यांनी मारली नाही.

चौकशीच्या दिवशी तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपण होऊन गेली. लांब टेबलाभोवती मंडळाचे पाच जण, मिसेस पिनॉक, हॉस्पिटलचे वकील मिस्टर हेन्ड्रिक्स, आणि खिडकीपाशी डॉक्टर चिझम. वॉर्डातला तो तरुण डॉक्टरही होता. तिने टेबलावर यंत्र ठेवलं, टेप लावली आणि कुणी थांबवायच्या आत पेडल दाबलं. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. योलांडेच्या कागदावरचं वाक्य, आणि त्याआधीची दोन वर्षं, भरलेले शब्द, अर्धी वाक्यं, चार वेळा बदललेला उजवा-डावा. सांगताना तिला आत कुठेतरी मोकळं वाटत होतं. आता सगळं बाहेर पडेल. आता कुणीतरी डॉक्टरांच्या हातातली सुरी काढून घेईल, आणि त्या बाईला न्याय मिळेल.

मिसेस पिनॉकचा चेहरा उतरला होता. मिस्टर हेन्ड्रिक्सनी मात्र टेप पुन्हा एकदा लावायला सांगितली. ऐकताना त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

“म्हणजे डॉक्टरांना धोका कळला होता,” ते म्हणाले. “त्यांनी तो बोलूनही दाखवला. ‘लक्ष ठेवा’ अशी सूचना दिली. प्रामाणिक सर्जनने याहून जास्त काय करायचं? ते कागदावर आलं नाही, एवढंच.”

“पण कागदावर सही त्यांची आहे! वाचलाच नाही त्यांनी!”

“दिवसाला वीस सह्या करणारा माणूस सव्वीस वर्षं काम केलेल्या टायपिस्टवर विश्वास ठेवतो. तो काही गुन्हा नाही.”

“अहो, त्यांनी ते ऑपरेशनच करायला नको होतं! त्यांना नीट बोलता येत नाही, हात—”

“मिस डेकर्स, तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही.”

“पण दोन वर्षं तुम्ही त्यांच्या नोंदी सुधारत होता. चार वेळा बाजू बदललीत. स्वतःच्या मनाने. कुणालाही न विचारता.”

ती खिडकीकडे वळली. डॉक्टर चिझम बाहेर बघत होते. सव्वीस वर्षांत तिला त्यांचं न बोललेलं ऐकू येत आलं होतं. आजही आलं. ते काहीच बोलणार नव्हते.

मग वकिलांनी तरुण डॉक्टरला विचारलं, “ते वाक्य कागदावर असतं तर तुम्ही काय केलं असतंत?”

त्या पोराने एथलिनकडे बघितलं. चेहऱ्यावर डावपेच नव्हता, वाईटच वाटत होतं त्याला. “दुसऱ्या दिवशीच एक्स-रे काढायला पाठवलं असतं,” तो म्हणाला. “टाका वेळेत सोडवला असता तर बहुतेक मूत्रपिंड वाचलं असतं.”

तो खोटं बोलत नव्हता. सगळ्या टेबलावर तेवढंच एक वाक्य पूर्ण खरं होतं, आणि ते येऊन एथलिनच्याच पदरात पडलं. ती खाली बसली. आपण पेटवलेल्या काडीने दुसऱ्याच्या घरात उजेड पडावा आणि आपलं घर जळावं, तसं झालं.

चौकशीचा निकाल एका पानाचा होता. टायपिंगमधील गंभीर चूक. सर्जनने योग्य ती दक्षता घेऊन धोक्याची तोंडी नोंद केली होती. संबंधित कर्मचाऱ्याने ती परस्पर बदलली. हॉस्पिटलने योलांडे बेलीच्या घरच्यांशी बंद दाराआड तडजोड केली. एथलिनला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. ते टाइप नाडीननेच केलं होतं, दुसरं होतं कोण? पत्र हातात देताना ती म्हणाली, “मी तीनदा नाही म्हटलं, मिस एथलिन. चौथ्यांदा मला माझी नोकरी दिसली.”

“चूक एकही नाही ना?” एथलिनने विचारलं.

“नाही.”

“मग झालं.”

जुलैमध्ये डॉक्टर चिझम निवृत्त झाले, सन्मानाने. चर्चच्या सभागृहात समारंभ झाला, चांदीचं तबक दिलं, मुलींनी गाणी म्हटली. एथलिनला बोलावणं नव्हतं. नाडीन दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात बांधलेली तळलेली मासळी घेऊन तिच्याकडे आली आणि हकीकत सांगितली.

“शेवटी ते बोलायला उभे राहिले. पाच मिनिटं बोलले. कुणाला एक अक्षर कळलं नाही. मिसेस पिनॉक रुमालाने डोळे पुसत होत्या आणि सगळे टाळ्या वाजवत होते.”

“सुरी खाली ठेवली ना पण?”

“ठेवली.”

“मग वाजवू दे टाळ्या.”

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी एथलिन मिनीबसने वर ख्रिस्टियानाच्या बाजूला गेली. कशाला जातोय ते तिला नीट सांगता आलं नसतं. माफी मागायला म्हणावं, तर माफी मिळण्यासारखं काही नव्हतं. सांगायला म्हणावं, तर त्यांच्या वकिलाने सगळं सांगितलेलं असणार. उतारावर लाल मातीचं शेत होतं, यामचे वेल काठ्यांवर चढलेले होते आणि अर्ध्याअधिक काठ्या नुसत्याच उभ्या होत्या. घरासमोर बाकावर योलांडे बसली होती, मांडीवर परात, शेंगा सोलत. रुंद खांद्यांची बाई, पण कपडे दुसऱ्या कुणाचे घातल्यासारखे सैल.

एथलिनने नाव सांगितलं. टायपिस्ट, हॉस्पिटलातली, असंही सांगितलं.

योलांडेची बोटं थांबली नाहीत. “ती तुम्ही होय!”

“हो.”

“दुसऱ्या दिवशी मी त्या पोरसवदा डॉक्टरला म्हटलं, बाबा, कुशीत सुरी फिरवल्यासारखं होतंय. याम उचलून उचलून हा देह झालाय माझा, दुखणं काय असतं ते मला कळतं. तर त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, बाई. कागदाकडे बघितलं. म्हणाला, सगळं ठीक आहे, इथे लिहिलंय. मला वाटलं, लिहिलंय म्हणजे असेल. आपल्यालाच सोसत नाही.” तिने शेंग मोडली. “तीन आठवडे मी स्वतःलाच रागवत होते.”

एथलिनला काहीतरी बोलायचं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य जुळवता येईना. “मला ऐकू आलं नव्हतं,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

“मग तसं लिहायचं.”

आतून योलांडेची म्हातारी आई आली, कोण आहे ते न विचारता पाहुणी म्हणून चहाचा मग एथलिनच्या हातात देऊन गेली. बसा कुणी म्हटलं नव्हतं. एथलिनने उभ्यानेच दोन घोट घेतले.

“एक विचारते,” योलांडे म्हणाली. “त्या टेपवर सुरुवातीला माझं नाव होतं?”

“होतं. नाव पहिल्यांदाच सांगतात.”

“ते नीट ऐकू आलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“शेवटी ‘e’ घालून लिहिलं होतंत? लोक नेहमी विसरतात. शाळेच्या दाखल्यावरसुद्धा चुकलंय.”

“घातला होता,” एथलिन म्हणाली. “मी बघून घेतलं होतं, तुमच्या दाखल व्हायच्या कागदावर.”

योलांडेने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं, बाजारात गिऱ्हाईक जोखतात तसं.

“म्हणजे उठून बघायला जमत होतं तुम्हाला,” ती म्हणाली, आणि परात उचलून, एक हात डाव्या कुशीवर दाबत, आत गेली.

एथलिनने चहाचा मग बाकावर ठेवला. खाली रस्त्यावर मिनीबसचा हॉर्न वाजला. पुढची बस दीड तासाने होती, तरी ती धावली नाही.